वीज, उष्णता, गारवा एकत्र: कमी कार्बनच्या संकुलाची रचना करताना मॉडेलवर किती विसंबायचं?

ऊर्जावेध

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने एका मोठ्या संकुलाच्या ऊर्जेची आखणी करतोय. रुग्णालय, प्रयोगशाळा, वसतिगृहं आणि एक डेटा सेंटर, सगळं एकाच कुंपणात. आजवर वीज ग्रिडकडून, वाफ आणि गरम पाणी गॅसच्या बॉयलरमधून, गारवा विजेवरच्या चिलरमधून. तिघांचे हिशेब वेगळे, तिघांची माणसं वेगळी. आता सगळं एकत्र धरून कार्बन जमेल तितका उतरवायचा आणि वीस वर्षांचा एकूण खर्चही आवाक्यात ठेवायचा, असं ठरलंय.

मॉडेलमध्ये सोलर पॅनल, हीट पंप (विजेच्या जोरावर कमी तापमानाची उष्णता वर चढवणारं यंत्र), सीएचपी (एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही देणारं इंजिन), बॅटरी, गरम पाण्याची टाकी, जमिनीखालची साठवण आणि हायड्रोजन असे पर्याय दिले. काय घ्यायचं, किती क्षमतेचं घ्यायचं आणि कोणत्या तासाला कसं चालवायचं हे सॉल्व्हर, म्हणजे सगळ्यात स्वस्त उत्तर शोधणारी संगणक-प्रणाली, ठरवतो. पहिलं उत्तर आलं तेव्हा फार आनंद झाला. मग सहज म्हणून गॅसचा दर दहा टक्क्यांनी वाढवून पाहिला, तर सीएचपी गायब, हीट पंप जवळपास दुप्पट, टाकी तिप्पट! आणि एकूण खर्चातला फरक जेमतेम दोन टक्के.

गॅसच्या दराचा पुढच्या वीस वर्षांचा अंदाज कोण देणार? २०२२मध्ये युरोपात गॅसचे दर कसे भडकले ते सगळ्यांनी पाहिलंय. मग यातला कोणता आराखडा खरा धरायचा? अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

रेषा

मॉडेल बिघडलेलं नाही. ते तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट सांगतंय.

रेषीय मॉडेलमध्ये (ज्यात खर्च आणि अटी सगळ्या सरळ रेषांच्या) अटींनी एक बहुभुज आखला जातो आणि उत्तर नेहमी त्याच्या कोपऱ्यावर सापडतं. डॅन्ट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धतसुद्धा एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात जातच उत्तर शोधते. दर थोडा हलला की उत्तर शेजारच्या कोपऱ्यावर उडी घेतं आणि तिथली यंत्रं पार वेगळी असू शकतात. तुमच्याकडे खर्च दोनच टक्के बदलला, म्हणजे खर्चाच्या दरीचा तळ सपाट आहे. तळाशी एकच बिंदू असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते पठार असतं आणि त्यावर खूप वेगवेगळे आराखडे जवळजवळ सारख्याच खर्चात बसतात.

म्हणून प्रश्न उलटा विचारा. किमान खर्च काढा, त्याहून तीन टक्के जास्त खर्चाची मुभा द्या आणि 'एकूण खर्च याच्या आत' ही नवी अट घाला. मग एकेका यंत्राची क्षमता आधी जास्तीत जास्त आणि नंतर कमीत कमी करून पाहा. जे कमीत कमी करूनही शून्यावर येत नाही ते घ्यावंच लागणार. ज्याची मर्यादा शून्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत पसरते ती तुमची निवड, तिथे गणिताला फारसं काही म्हणायचं नाही. १९८०च्या दशकात जमीन आणि पाण्याच्या नियोजनात ही रीत वापरायला सुरुवात झाली, ऊर्जेच्या मॉडेलांत ती बरीच उशिरा आली.

पडताळा

+१. तीन टक्क्यांच्या जागी एक आणि पाच टक्के धरूनही बघा. चित्र किती बदलतं ते कळेल.

बॉयलरवाला

मी बावीस वर्षं प्लँट चालवतोय, सॉल्व्हरमधलं मला काही कळत नाही. एकच विचारतो: तुमच्या मॉडेलमध्ये तापमान कुठे आहे?

ऊर्जावेध

बॉयलरवाला, उष्णता किलोवॅटमध्ये धरली आहे. वाफ आणि गरम पाणी असे दोन भाग आहेत. प्रत्यक्ष तापमान नाही. हीट पंपाचा सीओपी (एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता) सरसकट ३ धरलाय.

बॉयलरवाला

मग तुमची खरी अडचण तिथे आहे, गॅसच्या दरात नाही.

९० अंशांचं एक किलोवॅट आणि ४५ अंशांचं एक किलोवॅट तुमच्या तक्त्यात सारखं दिसत असेल. यंत्राला ते सारखं नाही. डेटा सेंटरमधून ३० अंशांची उष्णता मिळते असं धरा. तिथून ९०पर्यंत चढवायचं तर कार्नोची मर्यादा (निसर्गनियमाने शक्य असलेला सर्वात जास्त सीओपी: वरचं तापमान केल्विनमध्ये भागिले तापमानातला फरक) ३६३ भागिले ६०, म्हणजे ६. ६५पर्यंतच न्यायचं असेल तर ३३८ भागिले ३५, म्हणजे साडेनऊच्या वर. खरं यंत्र साधारण यांच्या निम्मं देतं, म्हणजे पहिल्या बाबतीत ३ आणि दुसऱ्यात पावणेपाच. तेच यंत्र, तीच उष्णता, पण विजेत एवढा फरक! गरम पाण्याच्या पाइपांच्या जाळ्याचं तापमान खाली आणणं हे नवीन यंत्र घेण्याइतकंच मोठं काम आहे. ते मॉडेलमध्ये निर्णय म्हणून नसेल तर मॉडेल ते सुचवणार तरी कसं?

एका रुग्णालयात मी हे पाहिलंय. तिथे उपकरणं निर्जंतुक करायला १३४ अंशांची वाफ लागायची. तो भाग एकूण उष्णतेच्या मानाने अगदी थोडा. पण त्याच्यासाठी सगळीकडे वाफेचे पाइप, सगळीकडे गळती, उन्हाळ्यातही मोठा बॉयलर चालू. शेवटी निर्जंतुकीकरणाच्या विभागातच विजेवर चालणारं छोटं वाफ-यंत्र बसवलं आणि उरलेलं जाळं गरम पाण्यावर आणलं. नळाच्या पाण्याची साठवण लीजिओनेला जंतूंमुळे ६० अंशांच्या खाली नेता येत नाही, म्हणून जाळं ६५वर ठेवलं. त्यानंतरच हीट पंपाचा विचार शक्य झाला.

आणि परतीचं पाणी बघा. पाणी ७०ने जाऊन ४०ने परत येत असेल तर ३० अंश कामी आले. ५५ने परत आलं तर पंधराच. तेवढीच उष्णता द्यायला दुप्पट पाणी फिरवावं लागतं आणि त्याच पाइपातून दुप्पट पाणी म्हणजे पंपाला जवळपास आठपट वीज.

रेषा

बॉयलरवाला, हा प्रतिसाद वाचून मला माझी जुनी मॉडेलं पुन्हा उघडावीशी वाटताहेत.

गणिताच्या बाजूने यात एक पेच आहे. प्रवाह आणि तापमान दोन्ही अज्ञात ठेवले की त्यांचा गुणाकार येतो आणि मॉडेल रेषीय राहत नाही. पळवाट अशी: तापमानाचे तीन-चार ठरावीक टप्पे करा, प्रत्येक टप्प्याचा सीओपी आधीच काढून ठेवा आणि 'हो किंवा नाही' अशा चलातून एक टप्पा निवडू द्या. मॉडेल मिश्र-पूर्णांकी (काही चल फक्त ० किंवा १) होतं, पण सुटतं. फक्त वर्षाचे ८,७६० तास जसेच्या तसे घेऊन प्रत्येक यंत्राला चालू-बंद चल लावू नका. दहा यंत्रांचेच ८७,६०० होतात.

सदाफुली

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा आवडतोय. भाबडा प्रश्न आहे: प्रत्येक यंत्र आपापल्या जागी उत्तम निवडलं, तर सगळं मिळूनही उत्तमच होणार ना? एकत्र हिशेब करून वेगळं काय हाती लागतं?

जलवायू

सदाफुली, भाबडा मुळीच नाही, या विषयाचा पायाच तो आहे.

याच संकुलाचं बघा. चिलर उत्तम आहे, तो इमारतीतली उष्णता काढून कूलिंग टॉवरमधून हवेत सोडतो. बॉयलरही उत्तम आहे. आता एकाच दिवशी, एकाच तासाला, डेटा सेंटरची उष्णता हवेत जातेय आणि शंभर मीटरवर वसतिगृहाच्या पाण्यासाठी गॅस जळतोय. दोन्ही यंत्रं आपापल्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास, आणि संकुल नापास. वेगळ्या हिशेबात ही गोष्ट कुठल्याच वहीत दिसत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने नेमकं हे पकडलं. गारवा आणि उष्णता दोन्ही एकाच वेळी लागतात असे तास वर्षात बरेच आहेत हे मोजल्यावर त्यांनी २०१५मध्ये गॅसवरचा सीएचपी प्लँट बंद केला, वाफेच्या जाळ्याऐवजी गरम पाण्याचं जाळं टाकलं आणि चिलरची उष्णता परत वापरायला घेतली. गरम आणि थंड पाण्याच्या मोठ्या टाक्या आहेत, त्यामुळे वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालतं.

या एकत्र हिशेबाला नेटकं गणिती रूप मिळालं ते झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात. मार्टिन गाइडल आणि योरान आंडरसन यांनी २००७च्या सुमारास 'एनर्जी हब' ही कल्पना मांडली. एका बाजूने वीज, गॅस वगैरे आत येतं, दुसऱ्या बाजूने वीज, उष्णता, गारवा बाहेर जातं, आणि मधली सगळी रूपांतरं एका मॅट्रिक्समध्ये.

सदाफुली

आता लख्ख कळलं. धन्यवाद!

शब्दप्रेमी

थोडं अवांतर. 'ऑप्टिमायझेशन'ला इष्टतमीकरण म्हणतात, पण इथे कुणीच तो शब्द वापरला नाही. 'मल्टी-एनर्जी'ला बहुऊर्जा चालेल का? आणि 'वेस्ट हीट'ला टाकाऊ उष्णता न म्हणता 'वाया जाणारी उष्णता' म्हणावं असं सुचवतो. टाकाऊ म्हटलं की तिची किंमत आपल्याच मनात कमी होते.

बॉयलरवाला

'वाया जाणारी' पटलं. इष्टतमीकरण माझ्या जिभेवर बसायला दोन पाळ्या लागतील.

पडताळा

शब्दांवरून पुन्हा आकड्यांकडे. ऊर्जावेध, ग्रिडच्या विजेचा कार्बन किती धरलाय? वर्षाची सरासरी असेल तर तिथेही घोटाळा आहे.

साधा हिशेब करू. नैसर्गिक वायू जाळला की एका किलोवॅट-तासामागे साधारण ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड. बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर उष्णतेच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला ०.२२ किलो. ३ सीओपीचा हीट पंप याच्याशी बरोबरी करतो तो ग्रिडची वीज ०.६७ किलोची असताना. कोळशाच्या विजेचा आकडा ०.९च्या पुढे जातो. म्हणजे ज्या तासाला तुमच्या जादा मागणीसाठी कोळशाचा संच वर चढवला जातो, त्या तासाला तुमचा हीट पंप गॅसपेक्षा जास्त कार्बन टाकतो. मग सरासरी काहीही म्हणो.

जलवायू

पडताळा, गणित बरोबर, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. यंत्र वीस वर्षं चालणार. आजच्या ग्रिडवर तोलून सीएचपी घेतला तर ग्रिड सुधारत जाईल आणि तुम्ही मात्र गॅसला बांधलेले राहाल. आज सीएचपीची बचत दिसते कारण तो घाण विजेची जागा घेतो. दहा वर्षांनी तो स्वच्छ विजेची जागा घेईल आणि तोच आकडा उलटा होईल. शिवाय बॉयलरवाला यांचा पावणेपाचचा सीओपी घ्या, बरोबरीची रेषा एकच्या वर जाते. मग कोळशाच्या तासातही हीट पंप जिंकतो!

पडताळा

मान्य. तापमान उतरवलं तर मुद्दाच बदलतो. माझा आग्रह एवढाच की तासागणिक आणि वर्षागणिक वेगळा आकडा घ्या. गॅसचं पारडं जड करण्याचा माझा हेतू नव्हता. गॅसच्या बाजूला पाइपातून निसटणारा मिथेनही धरायला हवा, शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

पहिलामूलद्रव्य

सगळे हायड्रोजनला विसरलात. उन्हाळ्यातल्या जादा सोलर विजेतून हायड्रोजन करा, हिवाळ्यात वापरा. खरी हंगामी साठवण तीच.

रेषा

एक किलो हायड्रोजन करायला साधारण ५२ किलोवॅट-तास वीज लागते. त्या किलोत वापरण्याजोगे ३३. फ्युएल सेलमधून (हायड्रोजनची पुन्हा वीज करणारं यंत्र) निम्मे परत, म्हणजे १६-१७. तीन दिले, एक मिळाला. आणि दाबून भरायचा खर्च मी धरलाच नाही.

पहिलामूलद्रव्य

तीनात एक मान्य. पण फ्युएल सेलची आणि इलेक्ट्रोलायझरची (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) उष्णता तुम्ही सोडून दिलीत. हा धागाच 'काही वाया घालवू नका' म्हणतोय ना? ती उष्णता जाळ्यात घेतली तर तोटा बराच भरून निघतो.

रेषा

मुद्दा रास्त आहे, मी तो धरायला हवा होता. तरी इलेक्ट्रोलायझरची उष्णता उन्हाळ्यात मिळते आणि लागते हिवाळ्यात. म्हणजे तिच्यासाठी पुन्हा उष्णतेची साठवण आली. आणि ती साठवण असेल तर तीच वीज थेट हीट पंपाला देऊन कितीतरी जास्त उष्णता साठवता येते. पोलाद, खतं, जहाजं इथे हायड्रोजन लागणार, त्यात वाद नाही. इमारत गरम करायला मला तो पटत नाही.

भूतापी

हंगामी साठवणीचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

पाण्याचा एक घनमीटर एका अंशाने तापला की १.१६ किलोवॅट-तास साठतात. डेन्मार्कमधल्या वोयेन्स गावात सुमारे २ लाख घनमीटरचा खड्डा आहे, अस्तर घातलेला, वर तरंगतं झाकण. पन्नास अंशांचा फरक धरला तर साडेअकरा गिगावॅट-तास. एका गावासाठी एवढी मोठी बॅटरी कुणी बांधणार नाही. आकार मोठा का, तर लांबी-रुंदी-खोली दुप्पट केली की पाणी आठपट आणि पृष्ठभाग चौपट, त्यामुळे उष्णता निसटण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. हंगामी साठवण लहान प्रमाणावर परवडत नाही ती यामुळे. म्हणून ती एका घराची होत नाही, वस्तीची होते.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या ओकोटोक्सचं, ड्रेक लँडिंग नावाची ५२ घरांची वस्ती. २००७मध्ये सुरू झाली. छतांवरच्या सोलर पॅनलांनी उन्हाळ्यात पाणी तापवायचं, ती उष्णता जमिनीतल्या १४४ बोअरमध्ये सोडायची आणि हिवाळ्यात काढून घ्यायची. पहिल्याच वर्षी सगळं मिळालं नाही. जमीन तापायला वर्षं लागली, पाचव्या वर्षापर्यंत घरं गरम ठेवण्याची ९० टक्क्यांहून जास्त गरज सूर्यावर भागू लागली आणि २०१५-१६च्या हिवाळ्यात तर पूर्ण. तुमच्या मॉडेलमध्ये एकच 'प्रातिनिधिक' वर्ष असेल, तर ही पहिली पाच वर्षं त्याला दिसणारच नाहीत.

तीच प्रणाली २०२४मध्ये मोडीत काढायला घेतली. भाग जुने झाले होते, बदली भाग मिळेनात. विज्ञान चोख होतं. बावन्न घरांसाठीच बनवलेलं एकमेव यंत्र सांभाळणं कठीण गेलं. मी अजून त्या वस्तीचा विचार करतो. रचना करताना 'हा व्हॉल्व्ह पंधरा वर्षांनी बाजारात मिळेल का' हा प्रश्न कुठल्या समीकरणात घालायचा?

ऊर्जावेध

भूतापी, अंगावर काटा आला वाचताना. माझ्याकडे एकच वर्ष आहे, तेही बारा नमुना-दिवसांत दाबलेलं. २८८ तास.

भूतापी

बारा दिवस चालतील, पण दोन काळज्या घ्या. सगळ्यात थंड आणि सगळ्यात उकाड्याचा दिवस वेगळे जोडा, सरासरीत ते विरघळून जातात आणि मग यंत्रं अपुरी पडतात. आणि नमुना-दिवस सुटे ठेवू नका. वर्षातला प्रत्येक दिवस कोणत्या नमुन्यासारखा आहे त्याची ३६५ दिवसांची साखळी लावा आणि साठवणीची पातळी त्या साखळीवरून पुढे न्या. नाहीतर मॉडेलमधली टाकी रोज मध्यरात्री पहिल्या पातळीवर येऊन बसते आणि हंगामी साठवण कधीच निवडली जात नाही.

बॉयलरवाला

यात माझी भर. मॉडेलला उद्याचं हवामान, परवाची मागणी, सगळं वर्ष आधीच ठाऊक असतं. रात्रपाळीच्या माणसाला नसतं. टाकी नेमकी किती भरून ठेवायची हे तो अंदाजाने ठरवतो आणि चुकू नये म्हणून जास्त भरतो. म्हणून आलेला आराखडा एकदा 'फक्त पुढच्या दोन दिवसांचाच अंदाज माहीत' अशा अटीवर चालवून बघा.

जाळेकर

रुग्णालय आहे म्हणून लिहितोय. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१च्या थंडीत गॅसच्या विहिरी आणि उपकरणं गोठली, वीजकपातीत गॅसच्या कॉम्प्रेसरचीही वीज गेली, गॅस आणखी घटला म्हणून वीजकेंद्रं बंद पडली, आणि चक्र फिरत राहिलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. जाळी एकत्र बांधली की कार्यक्षमता वाढते, पण एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. खर्च आणि कार्बन यांच्याबरोबर तिसरी अट घाला: ग्रिड बहात्तर तास गेली तर शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभाग चालले पाहिजेत. पठारावरचे बरेच आराखडे या एका अटीने गळतील.

जलवायू

आणखी एक कायम विसरलं जातं: हीट पंपात फिरणारा वायू (रेफ्रिजरंट). त्यातला आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापवतो. यंत्रात ३०० किलो असेल आणि वर्षाला पाच टक्के गळला, तर एकवीस टनांहून जास्त. प्रोपेन किंवा अमोनियाची यंत्रं मिळतात, सुरक्षेचे नियम वेगळे आहेत, पण हिशेबात धराच.

सदाफुली

मला एक सांगा, त्या संकुलात राहणाऱ्या-काम करणाऱ्या माणसांना कुणी विचारलंय का? डेन्मार्कच्या साम्सो बेटाबद्दल वाचलं होतं, तिथल्या पवनचक्क्यांत शेतकऱ्यांचे आणि रहिवाशांचे स्वतःचे पैसे आहेत, म्हणून त्यांनी त्या आपल्या मानल्या.

ऊर्जावेध

सदाफुली, नाही विचारलं. विचारायला हवं. वसतिगृहातल्या खोल्यांचं तापमान दोन अंशांनी सैल ठेवता आलं तर इमारतीच्या भिंतीच साठवणीचं काम करतील, आणि ती मुभा त्या मुलांकडूनच मिळू शकते.

तीन आठवडे गायब होतो, कारण सगळं नव्याने मांडलं. आता काय दिसतंय ते लिहितो.

तापमानाचे तीन टप्पे दिले, ९०, ६५ आणि ५०. निर्जंतुकीकरणाची वाफ जागेवरच. रेषा यांच्या पद्धतीने तीन टक्क्यांचं पठार फिरून आलो. डेटा सेंटरची उष्णता उचलणारा हीट पंप, ६५ अंशांचं जाळं आणि गरम पाण्याची टाकी हे प्रत्येक आराखड्यात आलं, गॅसचा दर काहीही असो. १,००० घनमीटरची टाकी, ४० अंशांचा फरक, म्हणजे सुमारे ४६ मेगावॅट-तास. हायड्रोजन एकदाही आला नाही. बॅटरीची मर्यादा पसरलेली होती, पण जाळेकर यांची बहात्तर तासांची अट घातल्यावर तीही शून्यावरून उठली. सीएचपी शून्यापासून बऱ्याच मोठ्या आकड्यापर्यंत कुठेही बसतो, म्हणजे आठ महिने मी ज्याच्यावर डोकं फोडत होतो तो प्रश्न खर्चाचा नव्हताच. ग्रिडच्या पुढच्या वर्षांचा कार्बन धरल्यावर तो घेऊ नये असं माझं मत झालंय.

हंगामी साठवण आमच्या आकाराला काठावर आहे. म्हणून आत्ता बांधणार नाही, पण बोअरसाठी मैदान मोकळं ठेवायचं आणि पाइपाचा व्यास तिच्या हिशेबाने घ्यायचा असं सुचवतोय. यंत्रं पंधरा-वीस वर्षांनी बदलतील, जमिनीत पुरलेला पाइप चाळीस वर्षं हलणार नाही.

एक गोष्ट मात्र अडली आहे. परतीच्या पाण्याचं तापमान मी सगळीकडे ४० धरलंय आणि प्रत्यक्ष मोजमाप एकाही इमारतीचं नाही. बॉयलरवाला, मापकं कुठे बसवू?

बॉयलरवाला

प्रत्येक इमारतीच्या परतीच्या पाइपावर, मुख्य जाळ्याला मिळायच्या आधी. तापमान आणि प्रवाह दोन्ही, दर पंधरा मिनिटांनी. रात्री दोन ते चारचे आकडे वेगळे काढा. त्या वेळी मागणी नसताना जिथून पाणी गरमच परत येतंय, तिथे कुठलातरी व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. दोन महिने मोजा आणि मग ४०च्या जागी खरा आकडा घाला.

ऊर्जावेध

सोमवारी पहिल्या सहा इमारतींवर लावतोय. आकडे इथेच टाकेन.